गाण्यानं मला सावरलं, मग मी इतरांना सावरू का?

"ताई, मी नोकरी सोडून म्युझिक थेरपिस्ट व्हायचं म्हणतेय. वेडेपणा आहे का हा?"

खुर्चीत नीट बसायच्या आतच तिनं हे विचारून टाकलं. वय चोवीस, हिशेबाची बरी नोकरी, लहानपणापासून गाणं शिकलेली. कॉलेजात असताना वर्षभर नैराश्यानं ग्रासलेली होती. त्या काळात समुपदेशकाची फी परवडेना आणि घरी सांगायची सोय नव्हती. रात्र रात्र एकच गाणं गुणगुणत तिनं ते दिवस काढले. ज्यांच्यापर्यंत मदत पोहोचतच नाही त्यांच्यापर्यंत आपण गाणं घेऊन जायचं, हे तेव्हापासून तिच्या मनात होतं. वडिलांचं म्हणणं सरळ होतं: "गाणं शिकव, हरकत नाही. पण गाण्यानं उपचार? आणि पोट कशावर भरणार?"

असा प्रश्न घेऊन वर्षाला तीन-चार जण तरी माझ्याकडे येतात. म्हणून तिची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.

पगाराचं मी नंतर बोलले. आधी विचारलं, "ज्याला तुझं गाणं आवडणार नाही, त्याचं काय करशील?"

ती गप्प झाली. हा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता.

या व्यवसायाची सुरुवातच अशा पेचातून झाली आहे. महायुद्धांच्या काळात आणि नंतर अमेरिकेत जखमी, मनानं खचलेल्या सैनिकांच्या रुग्णालयांत वादक-गायक जाऊन वाजवायचे. सैनिकांना बरं वाटायचं, डॉक्टरांनाही फरक दिसायचा. पण उत्तम वाजवता येणं आणि आजारी माणसासोबत काम करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लवकरच ध्यानात आलं. त्यातून शिक्षणाची गरज पुढे आली आणि 1944 साली मिशिगन स्टेट कॉलेजात (आजचं मिशिगन स्टेट विद्यापीठ) म्युझिक थेरपीचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. आज अमेरिकेत व्यावसायिक मान्यतेसाठी किमान 1200 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं, तेही देखरेखीखाली. 'अमुक सूर ऐका, तमुक आजार पळेल' असे जे निरोप फिरत असतात, त्यांचा या कामाशी काही संबंध नाही. इथे आधी माणसाची पाहणी होते, त्याच्याशी बोलून उद्दिष्ट ठरतं, दर सत्राची नोंद राहते. संगीत हे त्यातलं साधन.

हे सगळं मी तिला सांगितलं. तिनं मान डोलावली. पण मान डोलावणं आणि पटणं यातलं अंतर आमच्या धंद्यात लगेच कळतं. माझी एक सहकारी दीर्घकाळच्या मानसिक आजारांसाठीच्या दिवसकेंद्रात गट घेते. केंद्राला आणि गटाला विचारून मी हिला काही शनिवार तिथे बसायला पाठवलं.

पहिल्याच शनिवारी आग्रह झाला म्हणून ही गायली. छान गायली असणार, टाळ्याही पडल्या. पण दाराजवळ बसलेले एक काका मधेच उठून बाहेर गेले आणि परत आलेच नाहीत. ती माझ्याकडे आली तेव्हा टाळ्यांबद्दल चकार शब्द नाही. डोक्यात ते काकाच.

पुढच्या शनिवारी माझ्या सहकारीनं स्वतःची खुर्ची दाराजवळ नेली. मांडीवर छोटा ढोल. काकांचा उजवा पाय सतत हलत होता, घाईघाईनं. तिनं त्यांच्याकडे न बघता त्या पायाचा वेग ढोलावर घेतला, बोटांनीच, हलकेच. बराच वेळ तेवढंच. मग वेग किंचित उतरवला. पाय मागोमाग उतरला. ती थांबली, पाय थांबला. काकांनी मान वर केली आणि खुर्चीच्या दांडीवर दोनदा टकटक केलं. माझ्या सहकारीनं ढोलावर दोनदा. त्यांनी तीनदा.

"ताई, अख्ख्या तासात एक ओळसुद्धा गायल्या नाहीत त्या," ही मला सांगत होती. चेहऱ्यावर चक्क तक्रार होती.

माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिथून सुरुवात करायची आणि मग हळूहळू सोबत घेऊन पुढे जायचं, याला या क्षेत्रात आयसो तत्त्व म्हणतात. 1940 च्या दशकात इरा आल्टशुलर या मानसोपचारतज्ज्ञानं ते मांडलं. उदास माणसापुढे आनंदी गाणं लावणं म्हणजे त्याला "असा काय बसलास?" म्हणण्यासारखं आहे. आपण घरोघरी नेमकं तेच करतो.

चौथ्या शनिवारी वेगळंच घडलं. गटातल्या एका आजींनी फर्माईश केली ती नेमकी हिच्या 'त्या' गाण्याची. दुसरी ओळ सुरू होईतो हिच्या तळव्यांना घाम सुटला, श्वास अडकला, ती उठून जिन्यात जाऊन बसली. "मला वाटलं होतं, ते गाणं म्हणजे माझं औषध आहे," ती म्हणाली. औषधच होतं, पण त्याला त्या रात्रींचा वासही चिकटलेला होता. संगीत आठवणीला थेट हात घालतं; म्हणून ते उपयोगी पडतं आणि म्हणूनच जपून वापरावं लागतं. पुढचे दोन महिने आम्ही करिअर बाजूला ठेवलं आणि त्या वर्षाबद्दल बोललो. ज्यांना आपल्या दुखण्यातून हा रस्ता सापडतो, त्यांना मी हेच सुचवते: अर्ज नंतर भरा, आधी स्वतःसाठी कुणाकडे तरी जा.

वडील एकदा सोबत आले. थेट विचारलं, "बरं होतं का कुणी याने?"

मी जे माहीत आहे तेवढंच सांगितलं. नैराश्यासाठीच्या म्युझिक थेरपीवर 2017 चा कोक्रेन आढावा आहे, म्हणजे एका विषयावरचे अभ्यास एकत्र करून, तपासून काढलेला निष्कर्ष: 9 अभ्यास, 421 माणसं. नेहमीच्या उपचारांसोबत म्युझिक थेरपी दिली तर नुसत्या उपचारांपेक्षा निदान थोड्या काळापुरता जास्त फायदा दिसतो. दीर्घकाळाबद्दल पुरावा तोकडा आहे.

"म्हणजे औषधाच्या जोडीला."

"हो, जोडीला. औषध बंद करून नाही."

मला वाटतं, 'जोडीला' या शब्दानं त्यांचा अर्धा विरोध मावळला. उरलेला पैशांचा होता, आणि तो रास्त होता. पूर्णवेळ जागा कमी असतात. सुरुवातीला बऱ्याच जणांना दोन-तीन संस्थांत थोडे थोडे तास काम करावं लागतं. शिवाय अनेक देशांत 'म्युझिक थेरपिस्ट' या नावाला कायद्याचं संरक्षण नाही, त्यामुळे दोन दिवसांचं शिबिर केलेला माणूसही स्वतःला थेरपिस्ट म्हणवून घेतो. म्हणून अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नये. प्रत्यक्ष कामाचे तास किती, देखरेख कोण करतं, मानसशास्त्र किती शिकवतात, एवढं विचारलं तरी बरंच उघड होतं.

'परवडणारी मदत' म्हणजे तिच्या डोक्यात फुकट मदत होती. त्यावर आमचा वादही झाला. फुकट करणारी माणसं दोन वर्षांत थकतात आणि मग तिथे कुणीच उरत नाही. गटात एका थेरपिस्टमागे सात-आठ जण बसतात, खर्च वाटला जातो, तो संस्थेनं उचलला तर येणाऱ्याला काहीच पडत नाही. आणखी एक गोष्ट मी पाहिली आहे. "मी मानसोपचाराला जातो" म्हणायला ज्यांची जीभ रेटत नाही, ते "गाण्याच्या गटाला जातो" सहज म्हणतात. शब्द सुचत नाहीत त्यांनाही तिथे बसता येतं.

नोकरी तिनं सोडलेली नाही. संध्याकाळी गिटार शिकते, कारण नुसतं गायला लागली की आपल्यातली मैफलीची गायिका जागी होते असं तिचंच म्हणणं. मागच्या महिन्यात ती अभ्यासक्रमाचा अर्ज घेऊन आली. 'या क्षेत्रात का यायचे आहे?' ही चौकट कोरी होती.

"दाराजवळच्या काकांबद्दल लिहू का?"

"त्यांना विचारलंस?"

ती हसली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, "शनिवारी विचारते."