देणग्या घेतल्यात आणि आता नडगी दुखतेय, थांबू की धावू?

या वेळी धावण्याबद्दलची तीन पत्रं घेतलीयत, तिन्ही ब्लड कॅन्सरशी जोडलेली. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण ही अडचण चॅरिटीसाठी धावणाऱ्या खूप जणांना येते आणि फार कमी जण ती बोलून दाखवतात.

प्रश्न : मी ४६ वर्षांची, एडिसनला (न्यू जर्सी) असते. माझ्या दादाला २००९ मध्ये पुण्यात सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, एक प्रकारचा ब्लड कॅन्सर, निघाला. घरात सगळे हादरले होते, पण तो तेव्हापासून रोज इमॅटिनिबची गोळी घेतो आणि आज नातवाला शाळेत सोडायला जातो. त्याच्यासाठी म्हणून मी ब्लड कॅन्सरसाठी पैसे जमवत धावणाऱ्या टीम इन ट्रेनिंगकडून नोव्हेंबरच्या न्यूयॉर्क मॅरेथॉनला नाव दिलं, ३५०० डॉलर जमवायचेत त्यातले बरेचसे जमले पण, मंडळातल्या लोकांनी दिले, ऑफिसातल्यांनी दिले. आता दोन आठवडे झाले उजवी नडगी दुखतेय, धावायला लागलं की दुखतं, मग जरा कमी होतं, थांबलं की परत सुरू. कोच म्हणतात आराम कर. पण लोकांचे पैसे घेतलेत, आता तोंड कसं दाखवू? दादाने एवढं सोसलं आणि मला एक पाय सोसवत नाही का असं सारखं मनात येतं. त्यात श्रावण चालू आहे, शनिवारचा उपवास असतो आणि टीमची लाँग रन पण शनिवारीच.

उत्तर : ताई, आजपासून धावणं बंद. कोच बरोबर सांगतायत.

आधी एक करा, खुर्चीत बसून नडगीच्या हाडाची आतली कड बोटाने वरपासून खालपर्यंत दाबत या. दुखणं चांगलं वीतभर पसरलेलं असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट्स (जास्त धावण्याने नडगीला येणारं दुखणं) आहेत, ते दोन-तीन आठवड्यांत आवाक्यात येतात. पण नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री अंथरुणात पण ठणकत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारवत नसेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला बारीक चीर गेल्याची, शंका धरायची आणि याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. आणि एक्स-रे क्लिअर आला म्हणून लगेच धावायला जाऊ नका, सुरुवातीला एक्स-रेमध्ये ते बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतं. तुमच्या वयात पाळी मागेपुढे व्हायला लागलेली असेल तर हाडांकडे जास्तच लक्ष द्यायला हवं, त्यामुळे व्हिटॅमिन डी आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही तपासून घ्या, आपल्याकडच्या शाकाहारी बायकांमध्ये ही दोन्ही कमी निघणं अगदी नेहमीचं आहे.

आता पैशांचं. तुम्हाला ज्यांनी पैसे दिले त्यांनी ते तुमच्या टायमिंगसाठी दिलेले नाहीत आणि तुमच्या हालांसाठी तर नाहीच नाही. ते संस्थेच्या खात्यात गेले, तुम्ही चार तासांत पळालात, सात तासांत चाललात किंवा स्टार्ट लाइनला गेलाच नाहीत तरी ते तिथेच राहतात आणि कामालाच लागतात. या टीमची सुरुवात कशी झाली ते बघा ना, १९८८ मध्ये ब्रूस क्लेलँड नावाच्या माणसाच्या छोट्या मुलीला, जॉर्जियाला ल्युकेमिया होता, तेव्हा त्याने ३८ जणांची टीम घेऊन हीच न्यूयॉर्क मॅरेथॉन धावली आणि ३,२२,००० डॉलर जमवले. त्या ३८ जणांचं टायमिंग आज कुणाच्या लक्षात नाही, पैसे कुठे गेले ते मात्र अख्ख्या जगाने पाहिलं.

आणि त्या पैशांचं काम तुमच्या घरापर्यंत आलेलं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. टीम इन ट्रेनिंग ज्या संस्थेची ती ल्युकेमिया अँड लिम्फोमा सोसायटी, २०२५ पासून तिचं नाव ब्लड कॅन्सर युनायटेड झालंय. ओरेगनमधले डॉ. ब्रायन ड्रुकर सीएमएलवर काम करत होते, त्यांच्या संशोधनाला पैसा देणाऱ्यांमध्ये ही संस्था होती. सीएमएलमध्ये दोन क्रोमोसोम्सचे तुकडे आपसात अदलाबदल होतात, त्यातून एक चुकीचं प्रोटीन तयार होतं आणि ते पांढऱ्या पेशींना वाढा, वाढा असं सांगतच राहतं. इमॅटिनिब नेमकं त्या प्रोटीनला अडवतं. १९९८ मध्ये पेशंट्सवर पहिली ट्रायल सुरू झाली, त्यात ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेतलेल्या ५४ पैकी ५३ जणांचे ब्लड काउंट्स नॉर्मलला आले, आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत गोळीला मंजुरी मिळाली. पुढे भारतात पेटंटवरून भांडण झालं, ब्रँडेड गोळीला महिन्याला लाखाच्या वर लागायचे आणि आपल्या कंपन्यांची जेनेरिक ८-१० हजारांत मिळायची, १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ब्रँडेड गोळीच्या कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला म्हणून ती स्वस्त गोळी टिकली. दादांच्या रोजच्या गोळीमागे एवढ्या लोकांची मेहनत आहे ताई, अनोळखी लोकांनी दिलेल्या देणग्या पण त्यातच आल्या. दादांनी जे सोसलं ते सोसावं लागलं म्हणून. त्याची परतफेड हाड मोडून होत नाही आणि तुम्ही नडगीवर लंगडत २६ मैल काढलेत तर त्यांना बरं वाटेल असं मला तरी वाटत नाही. त्यांनाच फोन करून विचारा.

मग करायचं काय? फ्रॅक्चर नसेल तर पहिले दोन आठवडे फक्त पाण्यात धावणं किंवा सायकल, शेड्युलवर जितका वेळ लिहिलाय तितकाच वेळ. खोल पाण्यात बेल्ट लावून धावलं की पायावर भार येत नाही आणि दम तर चांगलाच लागतो, त्यामुळे फिटनेस गेला अशी भीती नको. मग सपाट जागी एक मिनिट धावणं एक मिनिट चालणं, तेही दुखत नसेल तरच, आणि हळूहळू धावण्याची मिनिटं वाढवायची. स्पीडवर्क, टेकड्या सगळं बाजूला ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळी लाँग रन अशीच रन-वॉकने करा, शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतील इतकी सावकाश, आणि सगळ्यात मोठी १८ मैलांची झाली तरी पुरे, २० च्या हट्टापायी परत दुखवून घेऊ नका. शेवटचे तीन आठवडे कमी कमी करत आणायचं. आणि दुखतंय म्हणून लाँग रनच्या आधी आयबुप्रोफेन घेऊ नका, घाम गेलेला असताना किडनीला ते सोसत नाही, शिवाय दुखणं कळतच नाही आणि आपण धावत राहतो.

फ्रॅक्चर निघालं तर सहा ते आठ आठवडे धावणं नाही म्हणजे यंदाची मॅरेथॉन नाही. टीमच्या ऑफिसला लगेच कळवा, एंट्री पुढच्या वर्षावर नेता येते का, फंडरेझिंगचं काय होतं ते विचारा, आणि देणगीदारांना एक साधा ईमेल टाका की असं असं झालंय, पैसे संस्थेला पोचले आहेत. त्यावर रागावणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

उपवासाचं सोपं आहे. धावायच्या आधी केळं आणि दोन-तीन खजूर, आदल्या रात्री उकडलेलं रताळं भरपूर, हे सगळं उपवासाला चालतं. साबुदाण्याची खिचडी धावून आल्यावर खा, आधी नको, दाण्याचं कूट आणि तूप पोटात जड बसतं. निर्जळी असेल तर मात्र लाँग रन रविवारी करा, कोचना सांगितलं तर ते ऐकतील.

रेसला पोचलात तर दोनच गोष्टी. स्टेटन आयलंडला सुटायच्या आधी थंडीत खूप वेळ बसावं लागतं, टाकून देता येईल असा जुना स्वेटर घाला. आणि पहिलाच मैल व्हेराझानो पुलाच्या चढावर आहे, सगळे जोशात सुटतात, तुम्ही तिथे चाला. पुढे क्वीन्सबरो पूल आहे, फिफ्थ अॅव्हेन्यूचा लांबच लांब चढ आहे, पाय तिथे हवेत.

अजून एक, पैसे थोडे कमी पडत असतील तर ऑफिसातल्या ज्यांनी दिलेत त्यांना कंपनीचा मॅचिंग गिफ्टचा फॉर्म भरायला सांगा, बऱ्याच कंपन्या तेवढीच रक्कम वर घालतात आणि लोकांना ते माहीतच नसतं. आणि गणपतीत मंडळात एक टेबल लावता आलं तर स्टेम सेल रजिस्ट्रीचा (पेशंटना स्टेम सेल द्यायला तयार असलेल्यांची यादी) चीक स्वॅब ठेवा, म्हणजे गालाच्या आतून काडीने नमुना घ्यायचा. अमेरिकेत एनएमडीपी ही रजिस्ट्री १८ ते ४० वयाच्या लोकांची नोंद करते, तुम्ही त्यात बसत नाही पण मंडळातली कॉलेजची मुलं बसतात, आणि स्टेम सेलचं जुळणं बहुतेक वेळा आपल्याच वंशाच्या माणसांशी होतं, त्यामुळे भारतीय पेशंटला भारतीय डोनर लागतो आणि रजिस्ट्रीत ते पुरेसे नाहीत. नडगी दुखत असताना हे काम अगदी बसल्या बसल्या होतं.

प्रश्न : ठाण्याहून लिहितोय. ऑफिसमधल्या मित्राच्या मुलीची एएलएलची (अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, हाही ब्लड कॅन्सरच) ट्रीटमेंट चालू आहे. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची हाफ धावून पैसे जमवायचा विचार आहे पण ते रिसर्चला जातील का, आणि आपल्याकडे या आजारावर रिसर्च होतो तरी का?

उत्तर : होतो, आणि तुमच्या घरापासून लांब नाही. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलने मिळून भारताची पहिली कार-टी सेल थेरपी तयार केली, नेक्सकार१९. पेशंटच्याच टी सेल्स (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून त्यांना कॅन्सरच्या बी सेल्स ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत लाँच झालं, आणि परदेशात याच प्रकारच्या उपचाराला जे कोट्यवधी लागतात त्याच्या कितीतरी कमी खर्चात ती होते.

पैशांचं म्हणाल तर मुंबई मॅरेथॉनचं फंडरेझिंग युनायटेड वे मुंबईमार्फत चालतं, त्यांच्या यादीतून आपण संस्था निवडायची. कॅन्सरवाल्या बऱ्याच संस्था औषधं, राहणं, जेवण यावर खर्च करतात, रिसर्चवर नाही, तेव्हा आधी संस्थेला सरळ विचारा आणि देणाऱ्यांनाही तेच सांगा. माझं मत विचाराल तर लहान मुलांच्या एएलएलमध्ये राहणं-जेवणाचा पैसा पण जीव वाचवतो, उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि गावाहून आलेली कुटुंबं खर्च झेपेना की मध्येच परत जातात. ८०जीची पावती मिळते का ते बघून घ्या, नव्या टॅक्स रिजीममध्ये असलेल्यांना तिचा फायदा होत नाही हे पण आधीच सांगितलेलं बरं. ऑक्टोबर हीटमध्ये पहाटे उजाडायच्या आत धावून या. आणि ट्रेनिंगमध्ये सर्दी-खोकला झाला तर मित्राच्या घरी अजिबात जाऊ नका, त्या मुलीच्या पांढऱ्या पेशी कमी असू शकतात आणि मग संसर्ग लगेच होतो.

प्रश्न : वय २९, म्हापसा. हॉजकिन्स लिम्फोमाची केमो संपून आठ महिने झाले, स्कॅन क्लिअर आहे. चॅरिटी १०के धावू शकतो का? घरचे नको म्हणतात.

उत्तर : धावू शकाल असं वाटतंय, पण तारीख डॉक्टरांना ठरवू द्या. एबीव्हीडी (या आजारात दिली जाणारी चार औषधांची केमो) घेतली असेल तर त्यातलं लाल औषध हृदयाला आणि ब्लिओमायसिन फुफ्फुसाला त्रास देऊ शकतं, म्हणून टू-डी इको आणि फुफ्फुसांची टेस्ट झालीय का, कधी झाली ते विचारा, नसेल तर आधी ती. रिपोर्ट ठीक आले की चालण्यापासून सुरुवात करा, आठवड्यातून चार दिवस अर्धा तास, मग मध्ये मध्ये मिनिटभर धावणं. केमोनंतरचा थकवा एखाद्या दिवशी उगाचच गाठतो, त्या दिवशी झोपा, शेड्यूल पुढे ढकला. छातीत दुखलं, धडधड थांबेना किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर लगेच थांबायचं आणि फोन करायचा. पुढच्या व्हिजिटला आई-बाबांना सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांचा जीव जरा भांड्यात पडेल.