जुन्या गिझरवर पैसे घालू नका, दुसरा मात्र उघडून बघा

पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात २५ लिटरचे दोन गिझर. पहिल्याला ७ वर्षं झाली, तो खालून गळतो आणि गरम पाणी तांबूस येतं. दुसऱ्याला ३ वर्षं झाली, तो व्यवस्थित चालू आहे. सोसायटीला बोअरचं पाणी. मेकॅनिक म्हणतो, जुन्या टाकीला वेल्डिंग आणि कोटिंग २,८०० रुपयांत करून देतो. नाहीतर दोन्ही बदला, ११,००० रुपयांना एक. दुसरा ठेवायचाच असेल तर वर्षाला १,८०० रुपयांचा मेंटेनन्स करार करा. ताई विचारतात, एफडी मोडू का?

ताई, सगळ्यात आधी गळणाऱ्या गिझरचा स्विच बंद करा आणि तो तपासून होईपर्यंत लावू नका. पाणी आणि वीज एका जागी आहेत, त्यात हिशेब नंतर.

आता दोन स्टीलच्या वाट्या घ्या. एकीत थंड नळाचं पाणी, दुसरीत गिझरमध्ये उरलेलं. दोन्ही तांबूस असतील तर गंज सोसायटीच्या पाइपात आहे किंवा बोअरच्या पाण्यातच लोह आहे, गिझर बदलूनही पाणी तसंच येईल. फक्त गिझरचं तांबूस असेल तर टाकी गंजली आहे. गळती कुठून आहे तेही फडक्याने कोरडं करून बघायला सांगा. जोडावरचं रबरी वॉशर गेलं असेल तर काम किरकोळ पैशांत होतं. पण गळती टाकीच्या अंगातून असेल तर वेल्डिंगचे २,८०० रुपये देऊ नका. अशा बहुतेक टाक्या आतून काचेसारख्या मुलाम्याच्या असतात. वेल्डिंगच्या आचेने तो मुलामा आजूबाजूला तडकतो, आतून परत चढवता येत नाही, आणि उघडं पडलेलं लोखंड शेजारीच नव्याने गंजायला लागतं. शिवाय टाकीत दाब असतो. ही टाकी गेली असं समजा.

दुसऱ्या गिझरचं मात्र तसं नाही. त्याच्या आत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, मेकॅनिक त्याला अ‍ॅनोड म्हणतात. मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी झिजतं, म्हणून मुलाम्याला बारीक चीर गेली तरी रॉड आहे तोवर टाकी वाचते. रॉड संपला की गंज थेट टाकीला धरतो. नवा रॉड जाड मेणबत्तीएवढा असतो. झिजून मधली तार दिसू लागली की बदलायची वेळ टळत आलेली असते. बहुतेक घरांत हा रॉड पहिल्यांदा दिसतो तो गिझर भंगारात जाताना. मला त्याचं फार वाईट वाटतं.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडू. जुन्या गिझरची कॉइल दोनदा बदलली, दर वेळी १,१०० रुपये. आजच्या भावाने धरलं तर ११,००० अधिक २,२००, म्हणजे १३,२०० रुपये ७ वर्षांत: वर्षाला सुमारे १,८८५. आता दुसरा गिझर. रॉड बदलून आतला क्षार काढायचे मेकॅनिक १,२०० सांगतो. दर दोन वर्षांनी चार वेळा केलं आणि टाकी १० वर्षं टिकली, तर १५,८०० रुपये: वर्षाला १,५८०. टाकी ८ वर्षांतच गेली आणि काम तीनदाच झालं, तरी १,८२५. बचत मोठी नाही, हे स्पष्ट सांगतो. पण डिसेंबरच्या कडाक्यात, घरात पाहुणे असताना टाकी फुटणं आणि तुम्ही दिवाळीच्या सुमारास भाव बघून नवी घेणं, यात फरक आहे. कराराचं गणित मात्र बसतच नाही. टाकी १० वर्षं टिकली तरी उरलेल्या ७ वर्षांचे १२,६०० रुपये होतात, ११,००० धरून वर्षाचा खर्च २,३६० वर जातो, आणि टाकी त्यात धरली आहे का हे आधी लेखी विचारा.

फुकटातही थोडं आयुष्य वाढतं. थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या आसपास ठेवा. पाणी जितकं जास्त तापतं तितका बोअरच्या पाण्यातला क्षार कॉइलवर जास्त बसतो. २५ लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला साधारण एक युनिट लागतं, हेही ध्यानात असू द्या. आणि टाकीतला जास्तीचा दाब सोडणारा सेफ्टी वॉल्व्ह ठिबकतो म्हणून तिथे बूच मारू देऊ नका, कितीही सोयीचं वाटलं तरी.

म्हणजे टाकीच गेली असेल तर आत्ताचा खर्च एका नव्या गिझरचे ११,००० आणि दुसऱ्याच्या कामाचे १,२०० रुपये. दोन्ही बदलायचे २२,००० नकोत. एफडीला हात लावू नका. दोन पेन्शन तुमच्याकडे येतात, हा खर्च दोन महिन्यांत निघेल. पुढच्यासाठी बँकेत महिना ३०० रुपयांची आरडी उघडा.

दुसरा गिझर उघडताना स्वतः समोर उभ्या राहा. तळाशी पांढरा चुरा निघाला तर तो क्षार आहे, काम करून घ्या. लालसर चिखल निघाला आणि रॉडची नुसती तार उरली असेल, तर ही टाकीही गंजू लागली आहे, ते १,२०० तिथेच वाचवा आणि आरडी ३०० ऐवजी १,००० ची करा.