मृत्युपत्र हाती आहे, आता न्यायालयात जावे का?

प्रश्न : माझ्या वडिलांचे या वर्षीच्या फेब्रुवारीत निधन झाले. दादरमधील फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. २०११ मध्ये साध्या कागदावर केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी तो मला दिला असून मलाच एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, नेमले आहे. मृत्युपत्राची नोंदणी झालेली नाही. दोन साक्षीदारांपैकी शेजारचे काका वारले आणि आमचे डॉक्टर आज ८१ वर्षांचे आहेत. सोसायटीकडे नॉमिनी म्हणून आईचे नाव आहे. आई आणि धाकटा भाऊ यांची हरकत नाही, मात्र बहीण कोणत्याही कागदावर सही करायला तयार नाही. मुंबईत आता प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, लागत नाही असे ऐकले, तरी सोसायटीचे सेक्रेटरी प्रोबेटच आणा म्हणतात. मी काय करावे?
– एक वाचक, दादर

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, पण त्यावरून ‘आता मृत्युपत्र सिद्धच करावे लागत नाही’ असा जो अर्थ सध्या काढला जात आहे तो चुकीचा आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २१३ मुळे मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतील स्थावर मालमत्तेविषयीच्या हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेतल्याशिवाय न्यायालयात हक्क सांगता येत नसे. पुण्यातल्या घराबाबत पुण्यातच केलेल्या मृत्युपत्राला मात्र हे बंधन नव्हते. एकाच राज्यातल्या दोन शहरांत असा भेद ब्रिटिश काळापासून चालत आला होता. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये हे कलम वगळले. त्यामुळे सक्ती गेली. मृत्युपत्र खरे आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र गेलेली नाही, आणि प्रोबेट मागण्याचा मार्गही बंद झालेला नाही.

सर्व वारस एकमताचे असते, तर मी आपल्याला न्यायालयाचा खर्च आणि वेळ वाचवायला सांगितले असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-१३ नुसार सोसायटी मृत्युपत्राच्या किंवा वारसांच्या कौटुंबिक व्यवस्थापत्राच्या आधारेही हस्तांतरण करू शकते; प्रोबेट हा एकच कागद त्या कलमात सांगितलेला नाही. तथापि आपल्या बहिणीने सही नाकारली आहे. उद्या तिने मृत्युपत्रालाच आव्हान दिले, तर सोसायटीने केलेली नोंद आपल्या उपयोगी पडणार नाही. सेक्रेटरींचा आग्रह कायद्याच्या शब्दांपेक्षा जास्त असला, तरी आपल्या घरातील परिस्थितीत मला तो वावगा वाटत नाही. आपण प्रोबेट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते लवकर घ्यावे, असे सांगण्याचे कारण आपले डॉक्टर आहेत. मृत्युपत्राला नोंदणी लागत नाही, स्टॅम्पपेपरही लागत नाही. परंतु उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात, आणि त्या प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ‘ही माझीच सही’ अशी कबुली त्याच्या तोंडून ऐकलेली असावी. मृत्युपत्र सिद्ध करताना यांपैकी एक साक्षीदार हयात आणि उपलब्ध असेल, तर त्याची साक्ष घ्यावीच लागते. आपल्याकडे असा एकच माणूस उरला आहे. ते नसतील, तर मृत साक्षीदाराचे आणि वडिलांचे हस्ताक्षर ओळखणारी माणसे शोधून त्यांच्याकरवी सह्या सिद्ध कराव्या लागतात. ते अशक्य नसले, तरी त्यात फार दमछाक होते. म्हणून सोसायटीशी पत्रव्यवहार करत बसण्यापेक्षा आधी वकिलांना घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांचे प्रतिज्ञापत्र अर्जाला जोडायचे असते. ‘ही सही माझी आहे’ एवढेच त्यात पुरेसे नाही. त्या वेळी कोण कोण हजर होते, कोणी कोणासमोर सही केली आणि वडिलांची मनःस्थिती कशी होती, हे त्यांना आठवते तसे आणि तेवढेच लिहा. पुढे वाद झाला आणि त्यांना न्यायालयात येणे झेपले नाही, तर कमिशन, म्हणजे न्यायालयाने पाठवलेली व्यक्ती, नेमून घरी जबाब नोंदवण्याची विनंती करता येते.

मुंबईत हा अर्ज दिवाणी न्यायालयात नव्हे, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, प्रोथोनोटरी आणि सीनियर मास्टर या न्यायालयीन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दाखल होतो. सोबत मृत्यूचा दाखला, मालमत्ता व देण्यांची परिशिष्टे आणि मूळ मृत्युपत्र द्यावे लागते. मूळ मृत्युपत्र न्यायालयाच्या ताब्यात राहते, म्हणून देण्यापूर्वी त्याच्या स्वच्छ छायाप्रती काढून ठेवा. मात्र प्रती काढण्यासाठी पिना उपसू नका, कारण कागदावरील जादा भोकांमुळेही पान बदलल्याचा संशय घेतला जातो. कोर्ट फी मालमत्तेच्या मूल्यावर ठरते. आई आणि भाऊ यांची संमतीची प्रतिज्ञापत्रे जोडा. बहिणीला सायटेशन, म्हणजे न्यायालयाची सूचना, बजावली जाईल. तिचे नाव किंवा पत्ता गाळण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नका. संबंधित व्यक्तीला न कळवता मिळवलेले प्रोबेट उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २६३ खाली रद्द होऊ शकते. तिने मुदतीत हरकत घेतली नाही आणि कागदपत्रांत त्रुटी नसली, तर प्रोबेट मिळते. हरकत घेतली, तर अर्जाचे दाव्यात रूपांतर होऊन पुरावा घेतला जातो, आणि मग वर्षांचा हिशेब धरावा लागतो.

तोवर नॉमिनी या नात्याने आईंना सोसायटीत तात्पुरते सदस्यत्व मिळू शकते, म्हणजे देखभालखर्चाची पावती आणि सभेची सूचना कोणाच्या नावाने काढायची हा प्रश्न अडणार नाही. नॉमिनी झाल्याने आई फ्लॅटच्या मालक होत नाहीत. वडिलांचे कंपन्यांचे शेअर असतील, तर त्यांनाही हेच लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या नॉमिनीबाबत तसा निर्णय दिला आहे.

प्रश्न : आईच्या मृत्युपत्रात एक्झिक्युटर नेमलेलाच नाही. बोरिवली आणि ठाणे येथे एकेक घर आहे. दोन ठिकाणी अर्ज करावे लागतील का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच मिळते. आपण लाभार्थी म्हणून ‘मृत्युपत्र जोडलेले लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे मृत्युपत्रानुसार मालमत्तेची व्यवस्था लावण्याचे न्यायालयाचे अधिकारपत्र, मागावे. साक्षीदारांचा पुरावा आणि वारसांना सूचना हे सर्व तसेच असते. अर्ज एकच पुरेल, कारण उच्च न्यायालयाचा आदेश संपूर्ण राज्यात चालतो. दोन्ही घरे परिशिष्टात लिहा.

प्रश्न : भावाने वडिलांच्या मृत्युपत्रासाठी केलेल्या अर्जाची सूचना मला आली आहे. शेवटच्या वर्षी वडील मला ओळखतही नव्हते. शिवाय घर आजोबांचे होते, ते देऊन टाकण्याचा त्यांना अधिकारच नव्हता. ‘संमतीवर सही कर, नंतर बघू,’ असे भाऊ म्हणतो.
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : ताई, मृत्युपत्राची प्रत वाचल्याशिवाय सही करू नका. आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत. मृत्युपत्र खरे आहे का, ते करताना वडिलांना त्याचे भान होते का, कोणी दबाव आणला का, एवढेच हे न्यायालय पाहते. त्यासाठी सूचनेत दिलेल्या मुदतीत कॅव्हेट, म्हणजे हरकतीची नोंद, आणि त्यामागील प्रतिज्ञापत्र दाखल करावे. मृत्युपत्राची तारीख आजारपणातली असेल, तर उपचारांचे कागद आताच मागवा, कारण रुग्णालये जुने कागद कायम ठेवत नाहीत. तारीख त्याच्या बऱ्याच आधीची असेल, तर शेवटच्या वर्षातील विस्मरणाचा आधार फारसा टिकणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. घर आजोबांचे होते का, हा मालकीचा प्रश्न प्रोबेटच्या अर्जात ठरत नाही. त्यासाठी स्वतंत्र दिवाणी दावा करावा लागेल. भावाला प्रोबेट मिळाले, तरी केवळ तेवढ्याने तो दावा बुडत नाही.