व्हॉल्व्ह महाग होतेच, पण खरी गोम मेमरीत होती

जुने संगणक खोलीभर असायचे म्हणून महाग पडायचे का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. माझ्या मते पैसा जायचा तो सुट्या भागांच्या संख्येत आणि ते जोडणाऱ्या हातांत. खोली त्यामुळेच भरायची.

1945 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला एनिअ‍ॅक हा संगणक घ्या. सुमारे 18 हजार व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या निर्वात नळ्या), हाताने सोल्डर केलेले 50 लाखांच्या आसपास सांधे, खर्च पावणेपाच लाख डॉलरच्या वर. एवढं करून लक्षात काय ठेवायचा, तर दहा अंकी 20 संख्या! एकेका अंकाला 36 व्हॉल्व्ह लागत. रेडिओतला व्हॉल्व्ह गेला तर बदलला की झालं. इथे हजारोंतला एक गेला तरी उत्तराचा भरवसा संपला. ते बहुतेक तापता-निवताना उडत, म्हणून शेवटी मशीन शक्यतो बंदच करायचं नाही असं ठरलं. वीज खायचं दीडशे किलोवॉट.

मग 1953 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या व्हर्लविंड संगणकावर फेराइट कोअर मेमरी आली, म्हणजे चुंबकीय कड्यांची मेमरी. एका बिटला, म्हणजे एका 0 किंवा 1 ला, एक बारीकशी कडी. कडीतून एक आडवी तार, एक उभी. दोन्हींतून अर्धा-अर्धा करंट सोडला की त्या जिथे छेदतात तेवढीच कडी पलटते, बाकीच्या जागच्या जागी. पण त्यासाठी सगळ्या कड्यांचा चुंबकीय स्वभाव सारखा हवा. एखादी हलकी निघाली तर अर्ध्या करंटलाच पलटायची! म्हणून ओवण्याआधी एकेक कडी तपासायची. शिवाय कडीतला बिट वाचून घेणारी आणखी एक तार सगळ्यांतून फिरवायची, तीही भिंगाखाली, हाताने. हे काम बहुतेक बायका करत.

आपल्या मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनलेला टिफ्रॅक संगणक 1960 मध्ये कामाला लागला. त्यातही हीच कोअर मेमरी. मेमरी 2048 शब्दांची; शब्द म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो बिटांचा गट, इथे 40 बिटचा. गुणाकार करा: 81,920 कड्या. म्हणजे जेमतेम 10 केबी, आज व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका गुड मॉर्निंगलाही न पुरणारी.

मागणी कमी, म्हणून किंमत जास्त, असंही कोणी म्हणेल, आणि तेही खरंच. पण नुसती मागणी वाढून भागलं नाही. आयबीएम या संगणक कंपनीने कड्या ओवायची यंत्रं बनवली, तरी साठच्या दशकात हे काम आशियातल्या स्वस्त हातांकडे पाठवणंच परवडलं. 1970 मध्ये इंटेलची 1103 चिप आली. 1024 बिट एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर, एकदम छापलेले. ओवणं गेलं, बिटागणिक तपासणीची हातमेहनत गेली, आणि काही वर्षांतच कोअर मेमरी मागे पडली.