एका पाणचट बाटलीवरून सोआवेला नाव ठेवू नका

म्युनिकच्या सुपरमार्केटमधली स्वस्त सोआवे, म्हणजे इटलीची पांढरी वाइन, पाण्यासारखी लागली, मग हिचं एवढं नाव का, असं तुम्ही विचारलंय. तुमची जीभ बरोबरच सांगतेय. पण त्या बाटलीतली वाइन आणि जिच्यामुळे हे नाव झालं ती वाइन यांच्यामध्ये गेल्या शतकातला बराच इतिहास आहे.

सोआवे हे इटलीच्या वेनेतो प्रांतात, वेरोनाच्या पूर्वेला असलेलं तटबंदीचं छोटं गाव. वर टेकडीवर स्कालिजेरी घराण्याच्या काळातला किल्ला आहे. या गावाच्या आणि शेजारच्या मोंतेफोर्ते द'आल्पोनेच्या टेकड्या, एवढाच मूळ सोआवेचा मुलूख. १९३१ मध्ये सरकारने तशी हद्दही आखली. पुढे १९६८ मध्ये डीओसी, म्हणजे ठरावीक भागातल्या वाइनला मिळणारा सरकारी दर्जा, मिळताना हद्द खालच्या सपाट, गाळाच्या जमिनीपर्यंत वाढली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत या वाइनला प्रचंड मागणी आली होती आणि ती भागवायला टेकड्या पुरणाऱ्या नव्हत्या.

इथे द्राक्षाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. गार्गानेगा ही मुख्य जात, किमान ७० टक्के तीच असावी लागते. वेल जोमदार, उशिरा पिकणारी, पारंपरिक पद्धतीने मांडवावर चढवलेली. सुपीक जमिनीत मोकळी सोडली तर घडांनी लगडते आणि रस पातळ होतो. त्यात त्रेब्बियानो तोस्कानोसारख्या भरघोस पिकणाऱ्या जातीची भर पडली. तुम्ही प्यायलात ती बहुधा याच वाटेची वाइन असणार. द्राक्षाला दोष देऊ नका.

तीच वेल टेकडीवर, काळ्या ज्वालामुखी बेसाल्टमध्ये किंवा चुनखडीत, कमी घड ठेवून वाढवली की वाइन वेगळीच होते. सोआवेत वाइन बनवणाऱ्या पिएरोपान कुटुंबाने १९७१ मध्ये काल्वारिनो या एकाच बागेच्या द्राक्षांची वाइन त्या बागेच्या नावाने काढली, तीही सोआवे म्हणजे स्वस्त माल असं समीकरण रूढ होत असताना. मला या निर्णयाचं फार मोल वाटतं. काल्वारिनोची जमीन बेसाल्टची, आणि त्यांचीच दुसरी बाग ला रोक्का किल्ल्याखालच्या चुनखडीतली. पहिलीची वाइन ताठ, धारदार. दुसरीची लाकडी पिंपात मुरलेली, भरदार. शक्य झालं तर दोन्ही एकाच संध्याकाळी चाखा.

चांगली सोआवे फार सुगंधी नसते. पांढरी फुलं, नाशपाती, थोडं लिंबू, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा बदामाचा हलका कडवटपणा. तो कडवटपणा म्हणजे दोष नव्हे, तीच तिची ओळख.

या भागातली आणखी जुनी परंपरा गोड वाइनची आहे. सहाव्या शतकात इटलीवर राज्य करणाऱ्या गॉथ राजांचा मंत्री कासिओदोरस याने वेरोनाकडची सुकवलेल्या द्राक्षांची वाइन राजदरबारासाठी मागवली होती. लाल वाइन जणू गुलाबापासून आणि पांढरी लिलीपासून झालेली, असं तो लिहितो. आजची रेचोतो दि सोआवे त्याच पद्धतीची. तासगावच्या बेदाणा शेडमध्ये घड पसरतात तसेच इथेही पसरून काही महिने ठेवतात, पण बेदाणा होण्याआधीच दाबून रस काढतात. साखर एकवटते, तरी आंबटपणा टिकतो, म्हणून ती गोडमिट्ट होत नाही. १९९८ मध्ये तिला डीओसीजी हा सर्वोच्च दर्जा मिळाला.

पुढची बाटली घेताना लेबलवर 'क्लासिको' बघा, म्हणजे मूळ टेकड्यांची खात्री. बागेचं नाव असेल तर आणखी उत्तम. फ्रीजमधून काढल्याबरोबर ओतू नका; १० ते १२ अंशांना ती खुलते, फार गार असली की बदाम हरवतो. सोबत मटार घातलेला रिसोतो (इटालियन मऊसर भात) किंवा साधा भाजलेला मासा घ्या. आणि काल्वारिनो मिळालीच तर दोन घ्या, एक आठ-दहा वर्षं अंधाऱ्या, थंड जागी आडवी ठेवा. मधाचा आणि भाजक्या बदामाचा वास तेव्हाच येतो.