बायबलमधल्या दहा आज्ञा पाळून तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळते का? मेल्यावर माणूस देवदूत होतो का?

दोन्हींचं उत्तर नाही. बायबलच्या निर्गम पुस्तकातल्या 20 व्या अध्यायाचा क्रम बघा: इस्राएल लोकांची मिसरातून (इजिप्तमधून) सुटका आधी, आज्ञा मागून. सुटलेल्यांनी कसं जगावं, त्यासाठी त्या आहेत. प्रेषित पौल नियमशास्त्राला, म्हणजे या आज्ञा ज्यात आहेत त्या मोशेच्या नियमांना, बालरक्षक (मुलाला सांभाळणारा) म्हणतो (गलती 3:24). ते चूक दाखवतं, तारत नाही.

बेळगावात आज्ञांच्या आकड्यावरून हमखास घोळ होतो. व्यभिचाराची आज्ञा कॅथलिकांत सहावी, मेथडिस्टांत (एक प्रोटेस्टंट पंथ) सातवी. मजकूर तोच, मोजणी वेगळी. म्हणून आकडा नको, आज्ञाच सांगा.

आता दुसरा प्रश्न. देवदूत म्हणजे सेवा करणारे आत्मे (इब्री 1:14), वेगळीच निर्मिती. मत्तय 22:30 मध्ये पुनरुत्थित (मेलेल्यांतून उठलेली) माणसं 'देवदूतांसारखी' आहेत, तेही लग्न न करण्यापुरतं. पंखांचं म्हणाल तर सराफीम नावाच्या स्वर्गीय जीवांना सहा (यशया 6:2). अब्राहामाकडे जेवलेले स्वर्गीय पाहुणे मात्र साधे पुरुषच दिसले.