खोकला फुफ्फुसाचा, तपासणी शेणाची

प्रश्न : कुरणात चरणारी वासरे खोकतात. शेणात जंतांची अंडी सापडली नाहीत, तरी पशुवैद्यकांना फुफ्फुसातल्या जंतांची शंका आहे आणि ते पुन्हा शेणच मागतात. जंत फुफ्फुसात गेला कसा, आणि तिथला जंत शेणात का शोधायचा?

उत्तर : गुरांच्या श्वासनलिकांत राहणारा सूत्रकृमी (दोऱ्यासारखा गोल जंत) म्हणजे डिक्टिओकॉलस व्हिव्हिपॅरस. तो वाट चुकून तिथे आलेला नसतो. त्याचे घरच ते. फुफ्फुसाची वाट मात्र सूत्रकृमींच्या वर्गाच्या चांगली ओळखीची आहे. अंकुशकृमीची (आतड्यात राहणाऱ्या हूकवर्मची) अळी त्वचेतून रक्तात, रक्तातून फुफ्फुसात जाते, घशाशी चढते आणि गिळली जाऊन आतड्यात पोचते. अ‍ॅस्केरिस हा आतड्यातला मोठा गोल जंत तर अंड्याच्या रूपात गिळला जातो, म्हणजे सुरुवातीलाच आतड्यात असतो. तरीही त्याची अळी यकृत, फुफ्फुस असा फेरा घालून आतड्यातच परतते! अशा फेऱ्यातल्या मुक्कामीच वाढ पूर्ण होऊ लागली, तर जंताचा राहण्याचा अवयव बदलतो. डिक्टिओकॉलसची अळी गवताबरोबर पोटात जाते, आतड्याची भिंत भेदून लसिकेतून (लिम्फ या शरीरद्रवातून) व रक्तातून फुफ्फुस गाठते आणि तिथेच थांबते.

बाहेर पडण्याचा रस्ता मात्र आतड्याचाच राहिला. अंडी घातल्यावर लगेच फुटतात, अळ्या खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि शेणातून पडतात. म्हणून शेणात अंडी नव्हे, अळ्या शोधायच्या. नेहमीच्या तपासणीत अंडी तरंगवायला वापरतात त्या संपृक्त मिठाच्या द्रावणात अळ्या आक्रसून ओळखू येत नाहीत. त्यासाठी बेअरमन पद्धत वापरावी. नरसाळ्याला रबरी नळी जोडून तिला चिमटा लावा. सुमारे १० ग्रॅम शेण गॉजमध्ये सैल बांधून नरसाळ्यात ठेवा आणि ते बुडेल इतके कोमट पाणी ओता. अळ्या वळवळत बाहेर येतात, पण त्यांना वर पोहता येत नाही, त्या तळाशी बसतात. रात्रभराने चिमटा सैल करून पहिले काही मिलिलिटर पाणी काढा व सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

शेण गुदाशयातूनच घ्यावे, हे सर्वांत महत्त्वाचे. जमिनीवरच्या शेणात मातीतले मुक्त सूत्रकृमी शिरतात आणि निदान फसते. ओळखीची खूण अशी : डिक्टिओकॉलसची अळी संथ असते, तिच्या स्वतःच्या आतड्याच्या पेशींत गडद तपकिरी कण दिसतात.

अळ्या शेणात येईपर्यंत संसर्गाला तीन ते चार आठवडे लोटतात, खोकला त्याआधीच सुरू होतो. त्यामुळे एकदा काही सापडले नाही म्हणून शंका सोडू नका. कळपातल्या अनेक वासरांचे शेण तपासा आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा. धाप वाढली असेल, तर अहवालाची वाट न पाहता उपचार पशुवैद्यकांकडून लगेच ठरवून घ्या.